मार्था, लक्ष्मीबाई आणि भादली स्टेशन

आजचं वाचन: योहान 11:17-44



लाजराचा अध्याय आपण ईस्टरच्या आसपास हमखास वाचतो आणि वाचताना डोळे कबरेकडे लागलेले असतात. धोंडा कधी सरकतो, लाजर कधी बाहेर येतो. पण या अध्यायात लाजर एक शब्दही बोलत नाही. बोलते ती मार्था. भाऊ जाऊन चार दिवस झालेत, घर भेटायला आलेल्यांनी भरलंय, आणि येशू गावाजवळ आल्याचं कळताच ही बाई पाहुण्यांना तसंच सोडून वाटेवर जाते. भेटल्याभेटल्या पहिलं वाक्य तक्रारीचं: तू वेळेवर आला असतास तर माझा भाऊ गेला नसता. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आणि त्याच दमात विश्वासही बोलून दाखवते. पुढे येशू कबरेवरचा धोंडा काढायला सांगतो तेव्हा दुर्गंधी येईल हे सांगणारीही तीच. शेवटच्या दिवसाच्या पुनरुत्थानावर तिचा विश्वास आहे, पण चार दिवसांच्या प्रेताचं काय होतं हेही तिला माहीत आहे.

मराठी ख्रिस्ती इतिहासात मार्थाच्या स्वभावाची बाई शोधायची म्हटली तर मला एकच नाव आठवतं: लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी काहींनी शाळेत धड्यापुरतं वाचलं असेल, काहींनी विजया मेहतांचा चित्रपट पाहिला असेल. पण पुनरुत्थानाचा दिलासा म्हणजे नक्की काय, हा प्रश्न घेऊन त्यांचं आयुष्य पाहिलं तर त्यात बरंच काही सापडतं. आणि त्यातला एक धागा थेट आपल्या खानदेशात, जळगावच्या शेजारच्या छोट्या स्टेशनावर येऊन थांबतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचं. नाव मनकर्णिका, घरात मनू. 1857 च्या बंडानंतर नात्यातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. आज आपण त्याला मानसिक आजार म्हणू आणि डॉक्टरांकडे नेऊ. तेव्हा तो धर्म होता, आणि त्याचा सगळा भार घरातल्या बायकांवर पडायचा. म्हणजे मृत्यू माणसाला कसा आतून पोखरतो हे या मुलीने कळत्या वयाच्या आधीच घरात पाहिलं होतं. एक माणूस फासावर गेला आणि दुसरा आयुष्यभर हात धूत राहिला.

अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक. (लोकमान्य नव्हेत. हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं, त्यांनाही आयुष्यभर सांगावं लागलं असेल.) टिळक कवी, विद्वान, अत्यंत प्रेमळ आणि संसाराच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. मनात आलं की न सांगता घर सोडून जायचे. खिशात पैसे असले तर ते समोर भेटेल त्या गरजवंताचे. रागही लवकर यायचा आणि पश्चात्तापही. लक्ष्मीबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती नवऱ्यामुळे.

मग तो रेल्वेचा प्रवास. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका अनोळखी ख्रिस्ती गृहस्थाने टिळकांशी गप्पा मारल्या आणि उतरताना नवा करार हातात ठेवला. टिळकांनी तो वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले ते अडकलेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपण साक्ष देताना इथपर्यंत येऊन हालेलुया म्हणतो. पण त्याच दिवशी दुसरीकडे काय झालं तेही बघायला हवं. पदरात लहानगा दत्तू असलेली सत्तावीस वर्षांची बाई, जिला नवऱ्याने विचारलंही नव्हतं. त्या काळच्या ब्राह्मण समाजात बाटलेला माणूस मेल्यात जमा. कपाळावर कुंकू होतं, पण संसार मोडला होता. धड विधवा नाही, धड सवाष्ण नाही. झोप उडाली, प्रकृती ढासळली, नातेवाइकांच्या घरी पंढरपूरला दिवस काढले. पाचएक वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. मधल्या काळात पत्रं, भांडणं, समजुती, पुन्हा भांडणं.

मला हा भाग महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. लक्ष्मीबाईंनी टिळकांचं सुतक एकदा आधीच पाळलं होतं, 1895 मध्ये. आणि मग तो मेल्यात जमा झालेला माणूस त्यांना परत मिळाला. नगरला त्या परत नांदायला आल्या तेव्हा सुरुवातीला स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कडक. कोणी जबरदस्ती केली नाही. जातपात माणसाने केली, देवाने नाही, हे त्यांनी स्वतःच विचार करून ठरवलं आणि ठरवल्यावर लगेच कोणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. ख्रिस्ती होण्याच्या आधी. मला हे फार आवडतं. बाईने आधी स्वयंपाकघर बदललं आणि मग धर्म. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

वडिलांच्या घरातलं ते अखंड धुणं आणि हे पाणी शेजारी ठेवून बघा. एक पाणी भीतीचं होतं. कितीही ओतलं तरी संपत नव्हतं. दुसरं एकदाच.

यानंतर घर भरत गेलं. टिळक रस्त्यावरून कोणालाही घरी घेऊन यायचे आणि ते माणूस तिथेच राहायचं. अनाथ मुलं, आजारी माणसं, कवी. पैसा नसायचाच, कारण मिळाला तरी तो टिळकांच्या हातात टिकायचा नाही. प्लेगच्या साथीत घरातले लोकसुद्धा रोग्याला सोडून पळत होते तेव्हा लक्ष्मीबाई रोग्यांजवळ राहिल्या, त्यांची सेवा केली. मरण त्यांच्यासाठी विचार करायचा विषय नव्हता. रोजचा शेजार होता.

आणि आता खानदेश.

1907 साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. टिळक या संमेलनाला आले होते. तिथे एक सतरा वर्षांचा मुलगा उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म धरणगावचा, वडील पोलीस खात्यात. त्याने म्हटलेली कविता ऐकून सभा थक्क झाली आणि कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' हे नाव दिलं. 'फुलराणी', 'औदुंबर', 'श्रावणमास' लिहिणारा तो हाच. आपल्याकडे जळगाव-धरणगाव रस्त्याने जाताना आजूबाजूला कापूस, केळी आणि उन्हाळ्यात नुसती काळी भेगाळलेली जमीन दिसते. त्या जमिनीतून इतका हिरवा कवी कसा उगवला याचं मला दर वेळी नवल वाटतं.

टिळकांनी ठोंबऱ्यांना नगरला आपल्या घरी नेलं. टिळकांच्या पद्धतीप्रमाणे पाहुणा म्हणून नाही, मुलगा म्हणून. त्या आधीच भरलेल्या घरात आणखी एक. ठोंबरे स्वभावाने हळवे, पटकन रुसणारे, पटकन खुलणारे. एका छपराखाली दोन कवी म्हणजे लक्ष्मीबाईंच्या डोक्याला किती ताप असेल याची कल्पना करा. पण 'स्मृतिचित्रे'त ठोंबऱ्यांचा विषय निघाला की त्या लेकराविषयीच बोलताहेत असं वाटतं.

5 मे 1918. भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय 27.

भादली जळगाव आणि भुसावळच्या मध्ये आहे. तुम्ही मुंबई किंवा पुण्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत कधी बसला असाल तर तुम्ही भादलीवरून गेला आहात. बहुतेक वेळा गाडी तिथे थांबत नाही, आणि मोबाइलमधून डोकं वर काढेपर्यंत स्टेशन मागे पडलेलं असतं. मे महिन्यात तिथलं ऊन काय असतं ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. तशा दिवसांत, पोटच्या मुलासारख्या मुलाची ही बातमी टिळकांच्या घरी पोहोचली.

इथे थोडं थांबतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांचा खरा प्रश्न इथेच आहे.

ठोंबरे ख्रिस्ती झाले नव्हते. टिळकांच्या घरात राहिले, टिळकांच्या प्रार्थना ऐकल्या, टिळकांचं प्रेम घेतलं, पण बाप्तिस्मा नाही. मग पुनरुत्थानाचं वचन त्यांच्यासाठी आहे की नाही? हा प्रश्न पुस्तकातला नाही. जळगाव, धुळे, भुसावळकडच्या आपल्या मंडळ्यांमध्ये कितीतरी कुटुंबं अशी आहेत की जिथे घरातलं एखादंच माणूस विश्वासात आलंय. माझी आजी दर गुरुवारी दत्ताला जायची आणि मी परीक्षेला निघालो की तुझ्या येशूलाही सांग म्हणायची. ती गेली तेव्हा एका भल्या माणसाने मला सांत्वन म्हणून काहीच न बोलता नुसती मान हलवली, आणि त्या मान हलवण्यात काय होतं ते मला कळलं. तुमच्यापैकी काहींना हे अनुभवाने माहीत असेल.

मार्थाकडे परत जाऊ. येशू तिला सांगतो की तुझा भाऊ पुन्हा उठेल. ती म्हणते, हो, माहीत आहे, शेवटच्या दिवशी. उत्तर बरोबर आहे. संडेस्कूलमध्ये पैकीच्या पैकी मार्क. पण त्या बरोबर उत्तराने तिला आधार मिळालेला नाही हे तिच्या बोलण्यावरून स्पष्ट आहे. आणि येशू त्या उत्तरात दुरुस्ती करत नाही, तारीखही सांगत नाही. तो पुनरुत्थान म्हणजे एक दिवस, एक घटना, एक यादी इथून उचलून ते स्वतःवर आणून ठेवतो. पुनरुत्थान म्हणजे मीच, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ. मग प्रश्न यादीत कोणाचं नाव आहे हा उरत नाही. प्रश्न समोर उभा असलेला हा कोण आहे, हा होतो. आणि तिला तो तेवढंच विचारतो, की तुझा यावर विश्वास आहे का. भावाचा होता का असं विचारत नाही. लाजराने आयुष्यात काय कबूल केलं होतं हे योहान आपल्याला सांगतच नाही.

यातून कोणी असा सिद्धांत काढू नये की बाप्तिस्मा असला काय नसला काय सारखंच. मी तसं म्हणत नाही, आणि ज्यांनी बाप्तिस्म्यासाठी घरदार, जात, इस्टेट सगळ्यावर पाणी सोडलं त्या टिळकांच्या तोंडी तर ते कोणी घालूच नये. पण न्यायनिवाडा आपल्या हातात नाही, आणि ज्याच्या हातात आहे तो लाजराच्या कबरेपाशी रडला होता. योहान 11:35. मराठी बायबलात अवघ्या दोन शब्दांचं वचन. पाच-दहा मिनिटांत लाजर जिवंत होणार आहे हे त्याला माहीत होतं, तरी तो रडला. पुनरुत्थान माहीत असलं की रडायचं कारण नाही असं म्हणणाऱ्यांनी हे दोन शब्द नेहमी सोबत ठेवावेत. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौलही दुःख करू नका असं म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखं करू नका म्हणतो. दोन्हींत फरक आहे.

टिळकांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बालकवी गेले त्याच्या आदल्या वर्षी, 1917 मध्ये, टिळकांनी मिशनचा पगार सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला होता आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला होता. या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसू शकत होते. म्हणजे हा प्रश्न त्यांनी बालकवींच्या मृत्यूनंतर सोयीसाठी सोडवला असं नाही. दार त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं.

त्यानंतर बरोबर एक वर्ष आणि चार दिवसांनी, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळक गेले.

लक्ष्मीबाई पन्नाशीत पोहोचल्या होत्या. नवऱ्याने मागे ठेवलेली संपत्ती म्हणजे माणसं आणि कागद. माणसं पांगली, कागद राहिले. त्या कागदांत एक अर्धवट महाकाव्य होतं: 'ख्रिस्तायन'. येशूचं चरित्र ओवीत सांगायचं, जसं आपल्या संतांनी सांगितलं असतं तसं, ही टिळकांची मोठी आस. सुरुवातीचे अध्याय लिहून झाले होते आणि लिहिणारा गेला.

ज्यांनी कोणाचा अर्धवट प्रोजेक्ट अंगावर घेतलाय त्यांना हे समजेल. माणूस निघून गेलेला असतो, पण त्याचा कोड उघडला की तो तिथे असतो. त्याच्या सवयी, त्याने व्हेरिएबलला दिलेली नावं, मध्येच सोडलेली एखादी कॉमेंट. सगळं पुसून नव्याने लिहावं असं पहिल्यांदा वाटतं. मग हळूहळू तो कसा विचार करत होता ते कळायला लागतं आणि आपण त्याच्या पद्धतीने पुढची ओळ लिहितो. आता हे अशा बाईने करायचं, जिने शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि तेही महाराष्ट्रातल्या एका मोठ्या कवीच्या कागदांवर.

लक्ष्मीबाईंनी ते केलं. एक-दोन नव्हे, 64 अध्याय रचले. मधली काही वर्षं मुलगा देवदत्त यांच्याबरोबर कराचीला, मग नाशिकला. ख्रिस्ताची कथा लिहायला घेतली की रस्ता कुठे जातो हे ठरलेलंच असतं. गालील, यरुशलेम, वधस्तंभ, कबर आणि तिसरा दिवस. अध्यायामागून अध्याय, वर्षामागून वर्षं ही विधवा त्या रस्त्याने चालत होती. आपण ईस्टरचा संदेश अर्ध्या तासात ऐकतो आणि बिर्याणीला निघतो. त्यांनी एकेक ओवी जुळवत त्या सकाळकडे वाटचाल केली.

माझ्या मते त्यांचा दिलासा कशात होता हे शोधायचं तर इथेच शोधावं लागेल. टिळक आकाशातून बघताहेत वगैरे गोड कल्पनांमध्ये ही बाई रमणारी नव्हती. तिचा विनोदच ते होऊ देणार नाही. मेलेला माणूस संपला असं ज्याला वाटतं तो त्याचे कागद बांधून माळ्यावर टाकतो, किंवा फोटोला हार घालून त्याची पूजा करतो. लक्ष्मीबाईंनी यातलं काही केलं नाही. टिळकांशी त्या जिवंतपणी जशा वागल्या, म्हणजे वाद घालत, हसत, चिडत आणि शेवटी त्यांचं काम पुढे रेटत, तशाच नंतरही वागत राहिल्या. नातं चालू होतं. पंधराव्या अध्यायात पौल करिंथकरांना पुनरुत्थानाचं ते मोठं प्रकरण समजावून सांगतो, बी पेरल्याशिवाय उगवत नाही वगैरे, आणि इतकं सगळं आभाळाएवढं सांगून झाल्यावर शेवटच्या वचनात एकदम जमिनीवर येऊन प्रभूच्या कामात टिकून राहायला सांगतो, कारण ते वाया जाणार नाही. हा शेवटचा सांधा मला कित्येक वर्षं विचित्र वाटत आलाय: कर्णा वाजणार, मेलेले उठणार, म्हणून आता कामाला लागा? लक्ष्मीबाईंच्या 64 अध्यायांकडे पाहिलं की तो सांधा जुळतो.

बियाण्यावरून आठवलं. याच वर्षांमध्ये आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, त्याही तरुणपणीच विधवा झालेल्या, जात्यावर आणि शेतात गाणी रचत होत्या. जमिनीत पेरलेलं बी काय करतं हे त्यांना कोणाकडून शिकावं लागलं नाही. दोघींची कधी भेट झाली असती तर पाहायला मजा आली असती. दोघीही शाळेत न गेलेल्या, दोघीही रडता रडता हसवणाऱ्या.

'स्मृतिचित्रे'ही याच काळातलं. टिळकांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात असा देवदत्तांचा आग्रह होता. ते टिळकांचं चरित्र म्हणून सुरू झालं आणि लिहिता लिहिता मराठीतलं सर्वोत्तम आत्मचरित्र होऊन बसलं. 1934 पासून त्याचे भाग पुस्तकरूपाने येऊ लागले. नवऱ्याचं दैवत न करता, त्याचा विसरभोळेपणा, राग, भाबडेपणा सगळं जसंच्या तसं. मेलेल्या माणसाबद्दल इतकं खरं बोलायला धीर लागतो, आणि तो धीर मला वाटतं आशेतून येतो. ज्याला पुन्हा भेटायचं आहे त्याच्याबद्दल खोटं कशाला लिहायचं?

हे पुस्तक कोणी अजून वाचलं नसेल तर जरूर वाचा. मराठीत पूर्ण आवृत्ती त्यांचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली आहे. ज्यांना मराठी वाचणं जड जातं (पुण्या-मुंबईत वाढलेल्या कितीतरी जणांना जातं, लाजू नका) त्यांच्यासाठी शांता गोखले यांचा 2017 चा इंग्रजी अनुवाद आहे. पण शक्यतो मराठीतच वाचा, मोठ्याने.

24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिकला लक्ष्मीबाई गेल्या. 'ख्रिस्तायन' तेव्हाही पुरं झालेलं नव्हतं. शेवटचा अध्याय राहिला होता. तो देवदत्तांनी लिहिला. तोच दत्तू, जो 1895 मध्ये बाप जिवंत असून पोरका झाला होता. 1938 साली ग्रंथ छापून आला: बापाने सुरू केलेला, आईने चालवलेला, मुलाने पुरा केलेला. तिघांपैकी दोघांनी तो छापलेला पाहिला नाही.

आपल्या 'उपासना संगीता'त टिळकांची गीतं भरपूर आहेत. लहान मंडळीत, पेटी सुराला नसताना, ढोलकी पुढे पळत असतानाही ती गायली जातात. ईस्टरच्या पहाटे आपल्याकडे कबरस्थानात उपासना असते. अंधारात मेणबत्त्या लावून आपण कबरांच्या मधल्या वाटांवर उभे राहतो. मागच्या वर्षी तिथे माझ्या शेजारी एक काकू उभ्या होत्या. गाणं चालू असताना त्या एका हाताने पुस्तक धरून दुसऱ्या हाताने नवऱ्याच्या कबरेवरचं गवत उपटत होत्या. डोळ्यांतून पाणी, तोंडात गाणं, हाताला काम. कोणी बघतंय याचं भान नाही. सूर्य वर येईपर्यंत कबर स्वच्छ झाली होती आणि तिसरं कडवंही चुकलं नव्हतं.

आज शक्य असेल तर एवढं करा. तुमच्या गेलेल्या माणसांपैकी एकाचं नाव घ्या. बाप्तिस्मा झालेलं असो, नसो. मार्थासारखी आधी तक्रार करायची असेल तर तीही करा, प्रभूला ती ऐकायची सवय आहे. आणि त्या माणसाने अर्धवट सोडलेलं काय तुमच्या घरात पडलंय ते बघा. एखादी वही, एखादं कर्ज, एखादं भांडण, एखादं झाड, कोणाला दिलेला शब्द.

उद्या योहान 12:1-8 वाचू. बेथानीतलंच घर, जेवण चाललंय. लाजर पंक्तीला बसलेला आहे आणि मार्था वाढते आहे.